शब्दचर्चा: ‘आध्यात्मिक युद्ध’ म्हटलं की थरारच जातो

जालनेकर: एक इंग्रजी कादंबरी वाचायलोय. अमेरिकेतलं छोटं गाव, तिथल्या चर्चवर वाईट शक्तींचा डोळा. वर देवदूत तलवारी उपसून उभे, पण खाली माणसं प्रार्थना करतील तेवढंच त्यांना बळ. लै भारी आहे, रात्री लाइट चालू ठेवून झोपलो. आईला इंग्रजी येत नाही म्हणून जेवताना मराठीत सांगतो. ‘स्पिरिच्युअल वॉरफेअर’पाशी अडलोय. ‘आध्यात्मिक युद्ध’ म्हटलं तर म्हणाली, “म्हंजे कीर्तन हाय का?” काय म्हणावं?

गोदाकाठ: आईंचं बरोबर आहे. आपल्याकडे अध्यात्म म्हटलं की लढाई मनाशी. तुकोबांचं ‘रात्रंदिन आम्हां युद्धाचा प्रसंग’ घ्या, पुढे लगेच ‘अंतर्बाह्य जग आणि मन’. तिथे पंखवाली भुतं कुठली?

निवृत्त_मास्तर: मराठी बायबल उघडा की. इफिसकरांस पत्र, अध्याय 6, वचन 12. ‘आपले झगडणे रक्तमांसाबरोबर नव्हे’. या सगळ्या कल्पनेचं मूळ तिथेच आहे. ‘झगडणे’ घ्या, विषय संपला. ग्रीकमधला शब्द ‘पाले’, म्हणजे चक्क कुस्ती.

पूर्णाकाठी: मग ‘झोंबी’ म्हणा ना सर! अस्सल मराठी, अंगाला माती लागल्यासारखा शब्द.

गोदाकाठ: थरारकथेत ‘झोंबी’ लिहा आणि बघा. पोरं मढी कधी उठतात याची वाट बघत बसतील.

शुद्धमराठी: त्याच वचनात पुढे ‘दुरात्मे’ आलेत, त्याचं काय? संस्कृतात दुरात्मा म्हणजे दुष्ट बुद्धीचा माणूस. दुर्योधन दुरात्मा. अशरीरी आत्म्याला हा शब्द लावणं चूक.

बेथेलची_लेक: दादा, आमच्या घरात आजी-पणजीपासून प्रार्थनेत हाच शब्द आहे. रेव्हरंड नारायण शेषाद्रींनी 19व्या शतकात जालन्याजवळ बेथेल हे ख्रिस्ती गाव वसवलं. तेव्हापासून इथं मराठीतच उपासना चाललीय. एवढी माणसं एवढी वर्षं चूक बोलली म्हणता?

शुद्धमराठी: चूक जुनी झाली म्हणून शुद्ध होत नाही.

बेथेलची_लेक: मग ‘भूत’ही सोडा. त्याचा मूळ अर्थ ‘झालेलं’. आमच्या गल्लीत हे मी कुणाला सांगायला जात नाही. आणि जालनेकर, तुमच्या ‘स्पिरिच्युअल वॉरफेअर’ला आम्ही साधं ‘आत्मिक लढाई’ म्हणतो. अध्यात्म वेगळं, आत्मिक वेगळं.

पूर्णाकाठी: आमच्याकडं एवढं कुणी बोलत नाही. ‘बाहेरचं झालंय’ म्हणलं की समजतं. नाव घ्यायचंच नाही. थरार त्यातच आहे.

निवृत्त_मास्तर: सैतानाचं काय करताय? आमच्या लहानपणी निजामी वळणानं ‘शैतान’ म्हणायचे, शाळेत ‘सैतान’. अरबीतून आलेला, आणि हिब्रूत सातान म्हणजे विरोधक, कोर्टात आरोप करणाऱ्या फिर्यादीसारखा. वकिलाला चालेल असा शब्द.

शुद्धमराठी: म्हणून तर म्हणतो, परका शब्द कशाला? ‘असुर’ आहे.

बेथेलची_लेक: असुर कुणाचे पूर्वज आहेत यावर वेगळंच युद्ध पेटेल, दादा.

जालनेकर: मी लढाईबद्दल विचारलं होतं…

पणजीहून: आमच्या कोंकणी ख्रिस्ती घरांत सैतानाला सरळ ‘देवचार’ म्हणतात. तो घ्या.

मालवणी_गजाली: ओ थांबा! देवचार आमचो राखणदार. रात्री वाट चुकलेल्याक घराक पोचवता. त्येका सैतान म्हणतास?