टॅब कुठला घ्यायचा? शनिवारच्या आत कळवा

प्रेषक: सचिव

मंडळी,

शनिवारच्या बैठकीत टॅबचा विषय एकदाचा निकालात काढायचा आहे. गेल्या खेपेला मध्यंतरानंतर एकाच्या घरच्या टॅबवरून पडद्यावर जे खाजगी झळकलं ते अख्ख्या सभागृहाने वाचलं. तेव्हा कुणाचाही घरचा टॅब आता नको, यावर तरी वाद नसावा. जुना टॅब कपाटात आहे तसाच आहे, तो विषय कृपया पुन्हा उकरू नका.

कामं चार: दारावर नावनोंदणी, तालमीला संहिता, पडद्यावर चित्रफिती, आणि हिशेब. मुलांना प्रवासात सिनेमा बघायलाही तोच. आलेली नावं तीन: ११ इंची साधा आयपॅड, सॅमसंगचा गॅलॅक्सी टॅब एस९, मायक्रोसॉफ्टचा सरफेस प्रो. मत द्या, निबंध नको.

---

प्रेषक: युवा शाखा

गॅलॅक्सी, डोळे मिटून. त्याचा पडदा ओलेड आहे, प्रत्येक बिंदू स्वतः उजळतो, त्यामुळे काळा म्हणजे काळाच दिसतो. साध्या आयपॅडचा एलसीडी, मागून सतत दिवा चालू. रात्रीचा प्रसंग लागला की काळोख राखाडी दिसतो. आयपॅडमध्ये ओलेड हवा असेल तर २०२४ चा किंवा त्यानंतरचा प्रो घ्यावा लागेल. शिवाय एस पेन, म्हणजे पडद्यावर लिहायचा पेन, खोक्यातच मिळतो आणि लिहायला त्याला चार्जिंग लागत नाही.

आणि कुणीतरी ‘तसाच दिसणारा’ बिननावाचा टॅब सुचवेल, त्याआधीच सांगतो. वाइडव्हाइन म्हणजे सिनेमाची नक्कल रोखणारं कुलूप, त्याचा वरच्या दर्जाचा एल१ परवाना नसेल तर नेटफ्लिक्स ४८०पीच्या वर जात नाही. पडदा कितीही चकचकीत असू दे, चित्र धुरकटच.

---

प्रेषक: खजिनदार

सिनेमा हे ‘काम’ कधीपासून झालं?

माझं म्हणणं दोन ओळींत. हिशेबाची एक्सेल फाइल मॅक्रोवर, म्हणजे आत लिहून ठेवलेल्या आज्ञांवर चालते. नाव टाकलं, बटण दाबलं की पावती तयार, वर्षअखेरीला ताळेबंदही त्यातूनच निघतो. आयपॅडवरच्या एक्सेलमध्ये मॅक्रो चालत नाहीत, अँड्रॉइडवरही नाहीत. फाइल उघडते, आकडे दिसतात, बटण मुकं. शिवाय पडदा १०.१ इंचांहून मोठा असेल तर फाइलमध्ये नुसता बदल करायलाही मायक्रोसॉफ्टचं सदस्यत्व लागतं. म्हणजे सरफेस. त्यावर पूर्ण विंडोज चालतं.

---

प्रेषक: नाट्यशाखा

खजिनदारसाहेब, सरफेस प्रो तुम्ही कधी दोन तास हातात धरून उभे राहिला आहात का? मी राहिले आहे. विंगेत. तिसऱ्या अंकापर्यंत मनगट बोलायला लागतं. सध्याच्या १३ इंचीचं वजन कीबोर्ड न जोडता ८९५ ग्रॅम आहे. आयपॅड ४७७, गॅलॅक्सी ४९८. सूत्रधाराला मागचा आधार काढून टॅब टेबलावर उभा करता येत नाही हो, विंगेत टेबल कुठलं?

आणि खरी अडचण वेगळीच आहे. मागच्या तालमीला संहिता उघडली तर सगळं इंग्रजी. ‘मराठी’ या शब्दाच्या जागी ई, जे, के, बी, एच अशी पाच अक्षरं. सगळे माझ्याकडे बघताहेत, जसं काही मीच टाइप केलं. कुठल्या टॅबवर आपल्या जुन्या संहिता दिसतील तेवढं सांगा, बाकी कंपनी कुठलीही चालेल.

---

प्रेषक: ग्रंथालय

ताई, कुठल्याच टॅबवर दिसणार नाहीत, दोष टॅबचा नाही. त्या फाइली कृतिदेव या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेल्या आहेत. संगणकाच्या लेखी ती अक्षरं इंग्रजीच. फॉन्ट फक्त ‘ई’च्या जागी ‘म’चं चित्र काढतो आणि ‘जे’च्या जागी ‘र’चं. फॉन्ट काढून घेतला की सोंग उतरतं. युनिकोडचं तसं नाही, तिथे ‘म’ला स्वतःचा क्रमांक आहे, म्हणून तो कुठेही ‘म’च राहतो.

उपाय सोपा. ज्या यंत्रावर तो फॉन्ट आहे त्यावरून पीडीएफ करायची. पीडीएफच्या पोटात फॉन्ट भरलेला असतो, मग आयपॅड असो वा गॅलॅक्सी. आपल्याकडे असं यंत्र एकच उरलं आहे, ते माझ्या टेबलाखाली. मी करून देईन, पण यादी एकदाच पाठवा. मागच्या वेळी ‘अण्णा, अजून एकच’ असं म्हणत अकरा वेळा उठवलंत.

---

प्रेषक: नाट्यशाखा

अकरा नव्हे, सात. आणि पीडीएफमध्ये संवाद कापायचे कसे?

---

प्रेषक: ग्रंथालय

पेनाने. तुमच्या दिग्दर्शकांना लाल रेघा मारायला तशीही आवडतंच.

---

प्रेषक: ध्वनी-प्रकाश

पेनाचा विषय निघालाच आहे म्हणून. आयपॅड घेतलात तर दुकानात शिरण्यापूर्वी कुठली ॲपल पेन्सिल ते लिहून न्या. साध्या आयपॅडला पहिल्या पिढीची चालते, ती जोडायला वेगळा अडॅप्टर लागतो. यूएसबी-सीवाली पण चालते, पण तिला दाब कळत नाही, रेघ हलकी मारा नाहीतर जोरात, जाडी तीच. दुसऱ्या पिढीची आणि प्रो पेन्सिल त्याला चालतच नाही.

आता मापं. सगळे ‘११ इंची, ११ इंची’ म्हणताहेत. इंच हे कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत मोजतात, त्यामुळे आकार वेगळा असला की अकराला अर्थ उरत नाही. गॅलॅक्सी २५६० × १६००, म्हणजे १.६ ला १. आयपॅड २३६० × १६४०, म्हणजे १.४४ ला १, आणि त्याचा खरा कर्ण १०.८६ इंच. उभा धरला की आयपॅडची रुंदी १५७ मिलिमीटर, गॅलॅक्सीची १४८. संहितेसाठी ते ९ मिलिमीटर मोठे आहेत. ए४ कागद १.४१ ला १ असतो, तो आयपॅडवर जवळजवळ कडेला कडा लावून बसतो. गॅलॅक्सीवर वरखाली पट्ट्या राहतात आणि अक्षर तेवढं बारीक होतं.

आडवा धरला की उलटं. १६:९ चं चित्र गॅलॅक्सीवर पडद्याचा ९० टक्के भाग व्यापतं, आयपॅडवर ८१ टक्के. म्हणजे वाचायला आयपॅड, बघायला गॅलॅक्सी. सरफेस ३:२, दोन्हींच्या मध्ये.

---

प्रेषक: युवा शाखा

दादा, ९ मिलिमीटरसाठी ओलेड सोडायचा?

---

प्रेषक: नाट्यशाखा

चाळिशी लागू दे, मग विचार.

---

प्रेषक: सचिव

विषयावर या. पडद्याला कुठला जोडता येईल? माझ्या मते सगळ्यांना टाइप-सी आहे, म्हणजे प्रश्न मिटला.

---

प्रेषक: ध्वनी-प्रकाश

नाही मिटला. छिद्राचा आकार सारखा असला म्हणून आतली तार सारखी नसते. चित्र बाहेर जायचं तर त्या यूएसबी-सीमध्ये डिस्प्लेपोर्टची सोय लागते. तिन्हींत ती आहे, पण स्वस्त टॅबमध्ये बहुधा नसते. तिथे नुसतं चार्जिंग होतं आणि आपण अडॅप्टर बदलत बसतो. साध्या आयपॅडची माहिती पाठवायची गती यूएसबी २ ची, ४८० मेगाबिट, पण चित्र ४के पर्यंत जातं. आपल्या प्रोजेक्टरला तेवढंही लागत नाही.

दुसरं, अडॅप्टर एचडीसीपीवाला हवा, म्हणजे नक्कल रोखायचं कुलूप ओळखणारा. नाहीतर सिनेमाच्या ॲपचा आवाज येतो आणि पडदा काळा. मागे मी अर्धा तास प्रोजेक्टरला शिव्या घातल्या, दोष मुठीएवढ्या अडॅप्टरचा होता.

---

प्रेषक: माजी अध्यक्ष

काळा पडला ते बरंच झालं. घरच्या सदस्यत्वावर सभागृहात सिनेमा दाखवता येत नाही, नेटफ्लिक्सच्या अटींत वैयक्तिक वापरापुरतं असं स्पष्ट आहे. मी अध्यक्ष असताना हे दोनदा लिहून दिलं होतं. इतिवृत्तात सापडेल.

---

प्रेषक: सचिव

अहो, सिनेमा प्रवासात, मुलांना. सभागृहात आपल्याच चित्रफिती.

---

प्रेषक: खजिनदार

सगळं ऐकलं. पण मूळ मुद्द्याला कुणी हात घालत नाही. टॅब एक, शाखा चार. हिशेबाची फाइल ज्यावर आहे त्यावर मुलं सिनेमा बघणार, ताई संहिता खोडणार, आणि दारावर कुणीही उभा असेल त्याला पासकोड माहीत असणार. पडद्यावर मागच्या वेळी जे झळकलं ते निदान एका माणसाचं खाजगी होतं. उद्या देणगीदारांची यादी झळकेल. हे मला चालणार नाही.

---

प्रेषक: युवा शाखा

म्हणूनच गॅलॅक्सी! अँड्रॉइड टॅबवर २०१२ पासून वेगवेगळे वापरकर्ते करता येतात. हिशेबाचं खातं वेगळं, नाट्यशाखेचं वेगळं, एकाच्या फाइली दुसऱ्याला दिसत नाहीत. आयपॅडवर हे नाही, शाळा-कचेऱ्यांसाठी वाटून वापरायची सोय आहे, पण तिला व्यवस्थापनाची वेगळी यंत्रणा लागते. आपल्यासारख्यांच्या आयपॅडला मालक एकच.

---

प्रेषक: ध्वनी-प्रकाश

पडद्यापुरतं म्हणाल तर आयपॅडवर गाइडेड ॲक्सेस आहे. चित्रफीत लावून बटण तीनदा दाबलं की त्याच ॲपमध्ये कुलूप. मध्येच सूचना झळकू नयेत म्हणून फोकस चालू करायचा. अँड्रॉइडवर ॲप पिन करता येतं. मागच्या वेळी यातलं काहीच केलं नव्हतं, टॅबला बोल लावण्यात अर्थ नाही.

---

प्रेषक: खजिनदार

सरफेसवरही वेगवेगळी खाती होतात, आणि मॅक्रोही चालतात. हे कुणीच का बोलत नाही?

---

प्रेषक: नाट्यशाखा

८९५ ग्रॅम.

---

प्रेषक: ग्रंथालय

खजिनदार, एक विचारू? हिशेब आज कशावर करता?

---

प्रेषक: खजिनदार

माझ्या लॅपटॉपवर.

---

प्रेषक: ग्रंथालय

मग तिथेच असू द्या की. दारावर फक्त नावं भरून घ्यायची, रात्री तुम्ही ती फाइल ओढून घ्या आणि तुमचं बटण दाबा. देणगीदारांची यादी टॅबवर येतेच कशाला?

---

प्रेषक: खजिनदार

हे चालेल. पण मग ‘हिशेबासाठी’ म्हणून खर्च माझ्या शाखेवर टाकू नका.

---

प्रेषक: माजी अध्यक्ष

खात्याचा विषय निघालाच आहे तर, नवा टॅब कुणाच्या खात्यावर चालू करणार? जुन्याचं काय झालं ते विसरलात? मागच्या सचिवांनी स्वतःच्या ॲपल खात्यावर चालू केला, ते दूर राहायला गेले, आणि टॅब कपाटात दगड होऊन पडला आहे. युवा शाखेने उत्साहाने पुसला, तर उघडताना पुन्हा त्यांचाच पासवर्ड मागतो.

---

प्रेषक: युवा शाखा

पुसल्यावर मागतो हे मला कसं माहीत असणार? आणि हे अँड्रॉइडवरही आहे, चोरीला आळा बसावा म्हणून. रीसेट करायच्या आधी खातं काढावं लागतं.

---

प्रेषक: माजी सचिव

नमस्कार. मी अजून लिस्टवर आहे. लिहीत नाही, वाचतो सगळं.

दगड म्हणवलेल्या त्या टॅबचं खातं माझंच. त्यासाठी टॅब माझ्या हातात असायची गरज नाही, आयक्लाउडवर जाऊन माझ्या यादीतून तो काढून टाकला की झालं. आत्ता जेवणाआधी काढला. टॅब पुन्हा चालू करून वायफायला जोडा, कुठलाही पासवर्ड मागणार नाही. एक मेल टाकली असती तर तेव्हाच केलं असतं. मला वाटलं, तुम्ही नवा घेतला.

---

प्रेषक: सचिव

चालू झाला! २०१४ चा आयपॅड एअर २ आहे. आयपॅडओएस १५ वर अडकला आहे, पुढचं घेत नाही, काही ॲप ‘जुनी आवृत्ती चालेल का’ असं विचारून उतरतात. पीडीएफ मात्र छान उघडतात.

तर शनिवारी मांडतो ते असं: नवा गॅलॅक्सी टॅब एस९, मंडळाच्याच नव्या ईमेलवर चालू करायचा, पासवर्ड बंद पाकिटात माझ्याकडे आणि एक प्रत अध्यक्षांकडे. त्यावर नोंदणी, चित्रफिती आणि मुलांचा सिनेमा अशी तीन वेगळी खाती. हिशेब खजिनदारांच्या लॅपटॉपवर. अण्णा, पीडीएफ.

---

प्रेषक: खजिनदार

जुना चालू झाला, मग नवा कशाला?

---

प्रेषक: नाट्यशाखा

जुना मला हवा आहे. संहितेसाठी. हा मेल मागणीपत्र समजावा.

---

प्रेषक: युवा शाखा

पण तो आम्ही पुसला होता!

---

प्रेषक: ध्वनी-प्रकाश

ताई, एअर २ ची आखूड बाजू ९.७ इंची ४:३ म्हणजे १४८ मिलिमीटर, बरोबर गॅलॅक्सीइतकीच. पण वजन ४३७ ग्रॅम, ६१ ने हलका. तार मात्र लायटनिंगची लागेल, कपाटातली माझ्याकडे आहे, वळलेल्या टोकाशी उसवली आहे. शनिवारी आणतो, चिकटपट्टी लावून.