‘कॉन्टेक्स्ट’ आणि ‘संदर्भ’: दोन्ही शब्दांतील वीण

सोलापूरच्या पूर्व भागातील एका चादरीच्या कारखान्यात नुकताच गेलो असताना, मालकांच्या दहावीत शिकणाऱ्या मुलीने मला ‘कॉन्टेक्स्ट’ या इंग्रजी शब्दाचा अर्थ विचारला. ‘संदर्भ’ हे उत्तर तिला पाठ होते. “पण सर, संदर्भ म्हणजे तरी काय?” हा तिचा खरा प्रश्न होता, आणि तो मला इतका मोलाचा वाटला की त्याचे उत्तर सविस्तर लिहून ठेवावे असे मनात आले.

लॅटिनमध्ये ‘टेक्सेरे’ म्हणजे विणणे. ‘टेक्स्टाइल’ त्यातून आला हे सोलापूरकरांना पटवून द्यावे लागत नाही, परंतु पुस्तकातला ‘टेक्स्ट’ही त्याच धातूचा आहे, हे ऐकून कारखान्यातील मंडळींना नवल वाटले. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील रोमन वक्तृत्वाचार्य क्विंटिलियन याने शब्दरचनेविषयी लिहिताना ही विणीचीच भाषा वापरली आहे. त्या धातूला ‘एकत्र’ या अर्थाचा उपसर्ग लागला की ‘कॉन्टेक्स्ट’ होतो, म्हणजे एकत्र विणलेले. इंग्रजीत आरंभी हा शब्द शब्दांच्या गुंफणीसाठी होता. एखाद्या शब्दाच्या मागचापुढचा मजकूर हा अर्थ त्याला नंतर चिकटला.

आता ‘संदर्भ’ पाहा. संस्कृतातील ‘दृभ्’ म्हणजे ओवणे, गुंफणे; ‘सम्’ म्हणजे एकत्र. दोन भाषांनी एकमेकींना न विचारता एकच प्रतिमा निवडली, याचा मला मनापासून आनंद होतो. मी त्या मुलीला मागावरच्या चादरीतील फुलाच्या पाकळीत गेलेला तांबडा धागा दाखवला. कांडीवर असताना तो नुसता तांबडा धागा असतो. ताण्यातून, म्हणजे मागावरच्या उभ्या धाग्यांतून, ठरल्या जागी गेला की त्याची पाकळी होते. वाक्यातल्या शब्दाचेही तसेच आहे, आणि तो शब्द उपसून काढून अर्थ लावणे यालाच आपण ‘संदर्भ सोडून बोलणे’ म्हणतो.

येथे वापराविषयी एक आग्रह नोंदवतो. ‘आपल्या पत्राच्या संदर्भात’ असे कार्यालयीन मराठीत सर्रास लिहिले जाते, तेथे ‘पत्राविषयी’ किंवा ‘पत्रास अनुसरून’ पुरेसे आहे. ‘संदर्भग्रंथ’ आता रुळला आहे, त्याला माझी हरकत नाही. परंतु ‘रेफरन्स’ आणि ‘कॉन्टेक्स्ट’ या दोन्हींचा भार एकाच शब्दावर टाकला, की विद्यार्थ्यांच्या मनात नेमका गोंधळ होतो.

‘प्रीटेक्स्ट’ म्हणजे पुढे विणलेले, म्हणून सबब. रोममधील अधिकारी आणि स्वतंत्र घराण्यांतील मुलगे जांभळ्या काठाचा जो पांढरा टोगा पांघरत, त्याच्या ‘प्रेटेक्स्टा’ या नावातही हाच शब्द आहे. दोषावर ‘पांघरूण घालणे’ हा आपला वाक्प्रचार त्याच्या अगदी जवळचा आहे. ‘सटल’ म्हणजे सूक्ष्म; या शब्दाचे मूळ बहुतेक व्युत्पत्तिकार ‘ताण्याखालून जाणारा बारीक धागा’ असे सांगतात. त्याच्या स्पेलिंगमधील न उच्चारला जाणारा ‘बी’ मुलांना छळतो. फ्रेंचमार्गे आलेल्या शब्दात तो मुळात नव्हता, लॅटिन मूळ दिसावे म्हणून तो पुढे लिहिला जाऊ लागला. ‘डेट’ म्हणजे कर्ज आणि ‘डाउट’ म्हणजे शंका, या शब्दांतील ‘बी’चीही हीच कथा आहे.

मात्र ‘टेन्शन’ या घराण्यातला नाही. धाग्याला टेन्शन असते म्हणून तसे वाटते खरे, पण तो ‘टेन्डेरे’, म्हणजे ताणणे, यातून आला आहे. संस्कृत ‘तन्’ हा त्याचा सख्खा भाऊ. आपले ताण, ताणा आणि तंतू हे त्याच कुळातले. हे शब्द कोणी कोणाकडून उसने घेतलेले नाहीत, तर एका प्राचीन पूर्वजाकडून दोघांकडे आले आहेत.

‘टेक्सेरे’चाही असा एक नातलग संस्कृतात आहे: ‘तक्ष्’, म्हणजे तासणे, घडवणे. ‘तक्षन्’ म्हणजे लाकूडकाम करणारा. रोमन लोकांनी ज्या मुळातून विणकाम घेतले, त्यातून आपल्याकडे सुतारकाम आले. हे सांगत असताना ती मुलगी मध्येच म्हणाली, “मग सुतार हा शब्द सुतावरून आला असेल.” तिचे म्हणणे बरोबर होते, कारण ‘सुतार’ हा ‘सूत्रधार’ या शब्दापासून, म्हणजे मापाची दोरी धरणाऱ्यापासून आलेला आहे.