सफाई कामगाराच्या सिनेमात हिरो साहेबच का?

उत्तर_नागपूर:
परवा सीताबर्डीत गटारसफाईवरच्या नव्या हिंदी सिनेमाच्या दिग्दर्शक-लेखकाशी जाहीर गप्पा झाल्या. सिनेमा चांगला जमलाय, वाद त्यावर नाही. पण गोष्ट कोणाची? दोन कामगार पहिल्या दहा मिनिटांत मॅनहोलमध्ये गुदमरून मरतात, आणि उरलेला सिनेमा एका तरुण आयएएस साहेबांच्या मनाच्या टोचणीवर. हे विचारलं तर दिग्दर्शक म्हणाले, ‘मोठा चेहरा नसला की निर्माता पैसे लावत नाही.’ यावर टाळ्या! कशाला?
सुरक्षा साधनांशिवाय माणूस गटारात उतरवणं 2013 च्या कायद्याने गुन्हा आहे. मृत्यू झाला तर 30 लाख भरपाई द्या, असं सर्वोच्च न्यायालयाने 2023 मध्ये सांगितलं. ती मिळवायला घरच्या बाईला किती उंबरे झिजवावे लागतात, यावर अख्खा सिनेमा होतो. इथे तिला संवाद दोनच. कंत्राटदार तर एका सीनपुरता.

धरमपेठकर:
सिनेमा म्हणजे चौकशी अहवाल नव्हे. तिकीट काढणारा बहुतेक माझ्यासारखाच, म्हणून साहेब दाखवला की त्याला स्वतःची लाज वाटते. कामगार दाखवला तर तो नुसता हळहळून घरी जाईल. आणि ‘झुंड’ विसरलात? बच्चन नसते तर नागपूरच्या वस्तीतला फुटबॉल देशभर कोणी पाहिला असता?

उत्तर_नागपूर:
‘झुंड’मध्ये मैदानात पोरं होती, तीही इथलीच. बच्चन कोच होते. इथे साहेबच खेळतात आणि गोलही तेच मारतात.

वऱ्हाडी_भाऊ:
‘कोर्ट’ पाह्यला का बावा कोनी? 2014 चा. त्यातही मॅनहोलमधल्या कामगाराचंच मरन हाय. स्टार एक बी नाही. शाहीर झालेले वीरा साथीदार आपल्या नागपूरचे. राष्ट्रीय पुरस्कार भेटला, भारताकडून ऑस्करले गेला. मंग चेहरा पाहिजेच काहून?

धरमपेठकर:
पुरस्कार मिळाला, मान्य. तुमच्या गल्लीत किती जणांनी पाहिला ते सांगा.

बर्डीवाली:
तुम्ही दोघं पुढच्या रांगेत होता का? माइक बराच वेळ तिथेच फिरत होता. कॅमेरा कोणता, लेन्स कोणती, हेच चाललेलं. मागे बसलेल्या एका सफाई कामगार बाईंना तो अगदी शेवटी मिळाला. त्यांनी विचारलं, ‘त्या सीनमध्ये खरंच कोणी आत उतरलं होतं का?’ दिग्दर्शकांनी मनापासून उत्तर दिलं: सेट होता, पाणी स्वच्छ होतं, फक्त रंग टाकलेला, कमरेला दोर, बाहेर डॉक्टर आणि अँब्युलन्स. बाई म्हणाल्या, ‘म्हणजे एवढी तयारी करता येते.’ आणि खाली बसल्या. सूत्रसंचालकांनी लगेच आभार मानायला घेतले.

धरमपेठकर:
हा टोला महापालिकेला आणि ठेकेदाराला आहे, दिग्दर्शकाला नाही. त्याने आपल्या नटाची काळजी घेतली, यात चूक काय?

बर्डीवाली:
चूक कोण म्हणतंय? पण हेच वाक्य सिनेमात असतं तर साहेबांची दोन भाषणं वाचली असती. लेखक मान खाली घालून काहीतरी लिहून घेत होते, एवढं पाहिलं मी.

वऱ्हाडी_भाऊ:
आपल्याकडे शो एकच, सकाळी दहाचा. तवा सफाईवाले ड्युटीवर असतेत. मंग दाखवून कोनाले राह्यले?

धरमपेठकर:
शोची वेळ थिएटरवाला ठरवतो, भाऊ.

वऱ्हाडी_भाऊ:
मंग पुढच्या टायमाले त्यालेच बसवा ना स्टेजवर.