न विचारलेला प्रश्न कुणाला दिसतो?

(ही एक ऑनलाइन चर्चा आहे. प्रत्येक मजकुराच्या वर लिहिणाऱ्याचं टोपणनाव आहे.)

नीराकाठ

आमच्या भागातल्या एका आमदारांची मुलाखत परवा एका यूट्यूब चॅनेलवर पाहिली. चांगली पंचेचाळीस मिनिटं चालली. लहानपण झालं, आईच्या हातची भाकरी झाली, राजकारणातले गुरू झाले. आमच्या सहा गावांची पाणीयोजना अडीच वर्षं अडलेली आहे, मार्च उजाडला की टँकर सुरू होतो. त्यावर मात्र एकही प्रश्न नाही. मुलाखत घेणारा मुलगा ओळखीचा, म्हणून फोन केला. म्हणाला, "काकू, तो विषय घ्यायचा नाही असं आधीच ठरलं होतं."

त्याचा मला राग आला नाही. वाईट याचं वाटलं, की हे ठरलेलं त्याला माहीत, आमदारांना माहीत, त्यांच्या पीएला माहीत. ऐकणाऱ्या आम्हाला तेवढं माहीत नाही. शेजारची बाई मला म्हणाली, "बघा, पाण्याचं काही कुणी विचारलं नाही, म्हणजे काम मार्गी लागलं असेल."

ऑक्टोबर २००७ची करण थापर यांची नरेंद्र मोदींबरोबरची मुलाखत आठवा. मोदी तेव्हा गुजरातचे मुख्यमंत्री होते. प्रश्न २००२च्या दंगलींकडे वळले, त्यांनी पाणी मागितलं, माइक काढला आणि तीनेक मिनिटांत मुलाखत संपली. ते चूक होतं की बरोबर, यावर आजही दोन तट आहेत. पण दोन्ही तटांनी ते पाहिलं आहे. नेता उठून गेला तर लोकांना दिसतं. आधीच गाळलेला प्रश्न कुणालाच दिसत नाही.

म्हणून माझं म्हणणं असं, की नेत्यांनी अटी घालाव्यात की नाही हा वाद बाजूला ठेवू. अट मान्य केली असेल तर मुलाखतीच्या सुरुवातीलाच सांगा: अमुक विषय न विचारण्याच्या अटीवर ही मुलाखत मिळाली. प्रश्न आधी पाठवले असतील तर तेही सांगा. पुढचं ऐकणारा ठरवेल.

टेबलापलीकडे

मी नऊ वर्षं एका नेत्याच्या जनसंपर्काचं काम केलं. अशा अटी मी स्वतः घातल्या आहेत, त्यामुळे दुसरी बाजू मलाच मांडू द्या.

अट बहुतेक वेळा अनुभवातून येते. चॅनेलवाले सांगतात, साहेब, मतदारसंघातल्या विकासावर बोलू. आम्ही तीन दिवस खपून आकडे गोळा करतो, फायली मागवतो. कॅमेरा सुरू झाला की पहिला प्रश्न, "अमुक नेते तुम्हाला गद्दार म्हणाले, काय सांगाल?" साहेब काहीतरी बोलतात. ते बारा सेकंद दिवसभर फिरतात आणि विकासाची चाळीस मिनिटं रात्री साडेअकराला लागतात. असं चारदा झाल्यावर पाचव्या वेळी मी विषय आधी ठरवून घेतले, तर त्यात लोकशाहीचा कुठे घात झाला?

शिवाय खटले चालू असतात, वकिलांनी तोंड बंद ठेवायला सांगितलेलं असतं. घरचे प्रश्न असतात. मुलाखत म्हणजे साक्षीदाराचा पिंजरा नाही, तिथे माणूस आपण होऊन येतो.

आणि कठोर प्रश्नांचं जे कौतुक होतं त्याचीही एक गोष्ट सांगतो. मे १९९७मध्ये बीबीसीवर जेरेमी पॅक्समन यांनी ब्रिटनचे माजी गृहमंत्री मायकल हॉवर्ड यांना एकच प्रश्न बारा वेळा विचारला. तुरुंग खात्याच्या प्रमुखाचा निर्णय फिरवण्याची धमकी तुम्ही दिली होती का, हा तो प्रश्न. पत्रकारितेचे विद्यार्थी आजही ती मुलाखत पाहतात. पुढे पॅक्समन यांनीच सांगितलं, की कार्यक्रमातली पुढची फिल्म तयार नव्हती आणि त्यांना वेळ काढायचा होता. नेत्याला कोंडीत पकडलं म्हणजे लोकांना माहिती मिळाली, असं दरवेळी होत नाही.

काळा कोट

मी वकील आहे, म्हणून एका मुद्द्यापुरतं बोलतो. खटला चालू असताना अशील काय बोलेल यावर वकील लगाम घालतो. समोरच्याने काय विचारावं यावर नाही. "प्रकरण न्यायालयात आहे, मी बोलणार नाही" हे सांगायला चार सेकंद लागतात आणि ते उत्तर पूर्णपणे सभ्य आहे. मग तो प्रश्नच येऊ नये, अशी अट कशाला?

कायद्याचं सांगायचं तर अनुच्छेद १९(१)(क) बोलण्याचं स्वातंत्र्य देतं आणि वृत्तपत्रांचं स्वातंत्र्य त्यातूनच आलेलं आहे. पण तुमच्या प्रश्नाला नेत्यानं उत्तर द्यावं, तुम्हाला मुलाखत द्यावी, असा हक्क त्यातून निघत नाही. त्यामुळे नीराकाठ म्हणतात तो नियम कायद्यानं येणार नाही, संपादकांनी स्वतःवर घालून घेतला तरच येईल.

एक फरक मात्र करायला हवा. नेता स्वतःच्या घरी मुलाखत देतो ती त्याची मर्जी. सरकारी इमारतीत, सरकारी पदावरून होणारी पत्रकार परिषद वेगळी. तिथे कोण शिरेल आणि कोण विचारेल हे नेत्याच्या रागालोभावर ठरू नये. अमेरिकेत हाच वाद कोर्टात गेला. 'मेक्सिकोचं आखात' हे नाव बदलून राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी ठरवलेलं 'अमेरिकेचं आखात' हे नाव वापरायला एपी या वृत्तसंस्थेनं नकार दिला, म्हणून फेब्रुवारी २०२५मध्ये व्हाइट हाउसनं तिच्या वार्ताहरांना राष्ट्राध्यक्षांच्या कार्यक्रमांतून वगळलं. एप्रिलमध्ये जिल्हा न्यायाधीशांनी एपीच्या बाजूनं आदेश दिला, जूनमध्ये अपील न्यायालयानं त्यातल्या बऱ्याच भागाला स्थगिती दिली. म्हणजे तिथल्या न्यायाधीशांचंही यावर एकमत नाही.

बूमवाला

काकू, तुमचं पटतं. पण तुमच्या दोन ओळी म्हणायच्या कुणी, ते सांगा. मी तालुक्याला एका चॅनेलचा बूम, म्हणजे माइक, घेऊन काम करतो. पगार नाही, बातमी लागली तर बातमीचे पैसे. आमच्याकडं अट कधी कागदावर येत नाही. पीएचा फोन येतो, "साहेबांचा मूड बरा नाही, रस्त्याचं तेवढं आज काढू नको." झालं. हे मी स्क्रीनवर काय म्हणून लिहू?

आणि ऐकलं नाही तर काय होतं तेही सांगतो. मागं मी एका नेत्याला पीक विम्याचं विचारलं होतं. पुढच्या दौऱ्याचा निरोप सगळ्यांना गेला, मला नाही. वाढदिवसाच्या जाहिराती सगळ्यांना मिळाल्या, मी ज्या पेपरला बातम्या देतो त्याला नाही. आमच्यासारख्याला जाहिरातीवर कमिशन असतं, त्यावर दिवाळी निघते. दमदाटी कुणी केली नाही, आवाजही चढवला नाही.

सप्टेंबर २०२३मध्ये भाजपचे तेव्हाचे प्रदेशाध्यक्ष चंद्रशेखर बावनकुळे यांची ध्वनिफीत बाहेर आली होती. निवडणुकीपर्यंत विरोधात बातमी येऊ नये म्हणून पत्रकारांना चहाला बोलवा, ढाब्यावर न्या, असा सल्ला ते कार्यकर्त्यांना देत होते. पत्रकारांना मानानं वागवा एवढाच अर्थ होता, असा खुलासा त्यांनी नंतर केला. माझ्या ओळखीच्या पत्रकारांना त्या फितीचं नवल वाटलं नाही, राग आला. सगळेच पक्ष आम्हाला चहाला बोलावतात.

तुमचा नियम मोठ्या अँकरला ठीक आहे. माझ्यासारख्याला तो लावला तर सगळ्यात कच्चा दुवा तेवढा तुटेल.

शार्लटकर

बूमवाला दादांनी लिहिलं तेच इथं अमेरिकेत घडताना पाहिलं, म्हणून लिहिते. २७ जून २०२४च्या निवडणुकीच्या वादसभेत तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष बायडन अडखळले. मग आठवडाभरात त्यांनी दोन रेडिओ मुलाखती दिल्या, एक फिलाडेल्फियाच्या केंद्राला आणि एक विस्कॉन्सिनच्या. नंतर दोन्ही निवेदकांनी उघडपणे सांगितलं, की प्रश्न बायडन यांच्या प्रचारयंत्रणेकडून आले होते. फिलाडेल्फियाच्या निवेदिकेला आठ प्रश्न आले होते, त्यातले चार तिनं निवडले.

पुढे काय झालं? आमच्या स्वतंत्र बाण्याला हे धरून नाही असं केंद्रानं जाहीर केलं आणि निवेदिकेची नोकरी गेली. प्रश्न पाठवणाऱ्यांनी, यापुढे असे प्रश्न सुचवणार नाही, असं कळवलं आणि विषय मिटला. आठ प्रश्नांची यादी लिहिणाऱ्याचं नावसुद्धा लोकांना कळलं नाही.

तरी मी नीराकाठ यांच्याच बाजूची आहे. तिनं सांगितलं म्हणून ती पद्धत निदान तेवढ्यापुरती थांबली. गप्प राहिली असती तर पुढच्या केंद्राला आणखी आठ प्रश्न गेले असते.

रोजचा वाचक

सांगून काय फरक पडतो? २४ एप्रिल २०१९ला अक्षय कुमार यांनी पंतप्रधानांची मुलाखत घेतली. ती 'अराजकीय' आहे असं आधीच जाहीर केलं होतं, आंबा कसा खाता इथपर्यंत प्रश्न झाले. पण आदल्याच दिवशी तिसऱ्या टप्प्याचं मतदान झालेलं. मुंबई, ठाणे, नाशिकचं २९ तारखेला व्हायचं होतं. भर निवडणुकीत तासाभराची मुलाखत सगळ्या चॅनेलांनी दाखवली. पाटी लावली म्हणून ती अराजकीय झाली का? त्यानंतर १७ मे रोजी पक्षाच्या मुख्यालयात पत्रकार परिषद झाली, पंतप्रधान तिथे हजर होते, पण प्रश्नांची उत्तरं अमित शहा यांनी दिली.

अटीवरची मुलाखत घेऊच नये. सगळ्यांनी नाही म्हटलं तर नेते आपोआप येतील.

टेबलापलीकडे

@रोजचा वाचक, सगळे कधीच नाही म्हणत नाहीत. एकानं नकार दिला की दुसऱ्याचा फोन पाच मिनिटांत येतो, हे मी स्वतः घेतलेल्या फोनांवरून सांगतो. आता तर तेही लागत नाही. नेत्याचं स्वतःचं चॅनेल असतं, तिथे प्रश्नही आमचे आणि कात्रीही आमची.

आणि अटी एकाच पक्षाच्या नसतात. १४ सप्टेंबर २०२३ला 'इंडिया' आघाडीनं १४ अँकरांच्या कार्यक्रमात प्रवक्ते पाठवणार नाही अशी यादीच जाहीर केली. आदल्या दिवशी समन्वय समितीची बैठक दिल्लीत शरद पवारांच्या घरी झाली होती.

नीराकाठ

ती यादी मला आवडली नव्हती. पण ती जाहीर होती, कारण सांगून केली होती आणि म्हणून लोक त्यावर भांडू शकले. माझा आक्षेप गुपचूप ठरलेल्या गोष्टींना आहे.

'सामना'चं उदाहरण घ्या. कार्यकारी संपादक संजय राऊत उद्धव ठाकरे यांची मुलाखत घेतात. दोघेही एकाच पक्षाचे, वर्तमानपत्रही पक्षाचंच. त्यात फसवणूक नाही, कारण आपण कुणाचं काय वाचतोय हे वाचकाला ठाऊक असतं. फेब्रुवारी २०१८मध्ये पुण्यात राज ठाकरे यांनी शरद पवारांची मुलाखत घेतली. एक नेता दुसऱ्या नेत्याला विचारतोय हे मैदानात बसलेल्या प्रत्येकाला कळत होतं, आणि तरी मुलाखत रंगली. याउलट २००९च्या विधानसभा निवडणुकीत एकच मजकूर शब्दशः तीन स्पर्धक दैनिकांत बातमी म्हणून छापून आला होता. पी. साईनाथ यांनी ते 'द हिंदू'त दाखवून दिलं, तेव्हा लोक चिडले ते 'जाहिरात' अशी पाटी नव्हती म्हणून.

बूमवाला, तुमचं मात्र मनाला लागलं. मी नियम सुचवला तेव्हा डोळ्यांपुढे तो मुलगा होता, आणि बोजा त्याच्यावरच टाकत होते. ते चुकलं. हे जाहीर करण्याची जबाबदारी चॅनेलच्या मालकाची आणि संपादकाची असली पाहिजे, बूम धरणाऱ्याची नाही. अट आली की वार्ताहरानं डेस्कला, म्हणजे बातम्या निवडणाऱ्या संपादकांना, कळवावी, डेस्कनं ती संस्थेच्या नावानं द्यावी. म्हणजे पीएला फोन करायचा झाला तर तालुक्याला न करता संपादकाला करावा लागेल.

टेबलापलीकडे

याच्याशी मी बराच सहमत होऊ शकतो. आणि आता थोडं खरं सांगायला हवं. सुरुवातीला माझ्या यादीत एकच विषय होता, साहेबांच्या मुलीचं आजारपण. दुसऱ्या वर्षी त्यात खटला आला. चौथ्या वर्षी एका कारखान्याची थकबाकी. मी काम सोडलं तेव्हा यादीत अकरा विषय होते आणि त्यातले नऊ लोकांच्या पैशाचे होते. एकदा नाही म्हणायची सोय झाली, की माणूस ती सगळीकडे वापरतो. मी वापरली.

पण त्या पहिल्या विषयाचं काय करायचं ते सांगा. "मुलीच्या आजारपणाबद्दल विचारायचं नाही या अटीवर" असं तुम्ही स्क्रीनवर लिहिलंत, की संध्याकाळपर्यंत चार चॅनेल दवाखान्याच्या दारात उभी राहतील. ती मुलगी तेव्हा पंधरा वर्षांची होती.

नीराकाठ

नाही, ते लिहू नये. "कौटुंबिक विषय वगळून" इतकं पुरेसं आहे, आणि नाही लिहिलं तरी मला चालेल. मुलीच्या आजारपणाला मतदाराचा पैसा लागलेला नाही. कारखान्याच्या थकबाकीला लागलेला आहे, पाणीयोजनेलाही.

काळा कोट

ही रेघ माझ्या मते टिकेल. कडेची प्रकरणं निघतीलच, नेत्याची स्वतःची तब्येत हे पहिलं. बायडन यांच्याबाबतीत तोच तर प्रश्न होता.

बूमवाला

हे सगळं वाचून काल एक करून पाहिलं. एका कार्यक्रमात मंत्री आले होते. पीएनं नेहमीप्रमाणं सांगितलं, कालव्याचं नको. मी डेस्कला मेसेज टाकला आणि कालव्याचंच विचारलं. साहेब म्हणाले, "आज हा विषय नाही," आणि पुढच्या बूमकडं वळले. मी तेवढंही कापलं नाही, जसं झालं तसं पाठवलं. रात्री नऊच्या बातम्यांत डेस्कनं ते ठेवलं, प्रश्नासकट. गावातून सात-आठ फोन आले, कालव्याखालच्या शेतकऱ्यांचे.

पीएला सकाळपासून दोनदा फोन लावला. उचललेला नाही. शुक्रवारी त्यांचा आमच्या तालुक्यात दौरा आहे, निरोप येतो का बघतो आणि इथं लिहितो.