सहा आठवड्यांची सुई

सांजसावली (धागाकर्ती):
मी कॅनडातल्या ओंटारियोत राहते. गाडीला मागून धडक बसली त्याला नऊ वर्षं झाली. तेव्हापासून मानेच्या मुळातून निघून डाव्या डोळ्यामागे जाणारी कळ काही सुटलेली नाही. गोळ्या झाल्या, फिजिओ झाली. गेली चार वर्षं दर सहा आठवड्यांनी ऑक्सिपिटल नर्व्ह ब्लॉक घेते, म्हणजे डोक्याच्या मागच्या नसेजवळ भुलीचं औषध टोचून घेते.

ज्यांनी घेतला नाही त्यांच्यासाठी सांगते. डॉक्टर डोक्याच्या मागच्या उंचवट्याजवळ बोटाने धमनीचा ठोका शोधतात, नस तिच्या शेजारूनच जाते. सुई हाडाला टेकली की आत कर्रर्र असा आवाज येतो. खोलीत कुणाला तो ऐकू जात नाही, मला जातो. मग दहा-पंधरा मिनिटांत डोक्याचा डावा भाग परका होतो. केस विंचरताना फणी हाताला कळते, डोक्याला नाही.

बधिरपणा त्याच दिवशी उतरतो, आराम मात्र चार-पाच आठवडे राहतो. खर्च ओहिप, म्हणजे इथला सरकारी आरोग्य विमा, करतो. आणि इथेच लोकांच्या पोटात दुखतं. काही क्लिनिकांत लोक दर आठवड्याला अशा सुया घेतात हे खरं आहे. पण त्यावरून आम्हा सगळ्यांना 'सुईची सवय लागलेले' म्हणून मोकळं व्हायचं? परवा एका गृहस्थांनी तोंडावर ऐकवलं, "म्हणजे दुखणं बरं होत नाहीच, नुसतं पुढे ढकलता." हो, ढकलते! चष्म्याने तरी डोळे कुठे बरे होतात? ज्या दुखण्याला कायमचा इलाज नाही, तिथे पाच आठवड्यांचा आराम हा उपचार का नाही, एवढंच मला विचारायचंय.

भूलवाला:
मी ब्रिटनमध्ये भूलतज्ज्ञ आहे, आठवड्यातले दोन दिवस पेन क्लिनिक. तुमच्या कळेबद्दल तिळमात्र शंका नाही, पण मुद्द्याशी असहमत.

भुलीच्या औषधांपैकी लिग्नोकेनचा असर दोनेक तास, बुपिव्हाकेनचा फार तर अर्धा दिवस. औषध शरीरातून गेल्यावर पाच आठवडे आराम कोण देतं? सतत पेटलेल्या मज्जारज्जूला थोडी उसंत मिळते, असं एक स्पष्टीकरण आहे. पटण्यासारखं आहे, पण पुरतं सिद्ध झालेलं नाही. 2015 मध्ये अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या डॉक्टरांनी मायग्रेनच्या रुग्णांवर हाच ब्लॉक तपासला. एका गटाला बुपिव्हाकेन आणि स्टेरॉइड, दुसऱ्याला सलाइनमध्ये नावापुरतं लिग्नोकेन. दोन्हीकडे साधारण सारख्याच प्रमाणात लोकांना आराम पडला. मग आराम औषधाचा, सुईचा, की कुणीतरी अखेर नेमक्या जागेवर हात ठेवल्याचा?

आमच्याकडे नाइसने, म्हणजे कोणते उपचार द्यावेत हे सुचवणाऱ्या सरकारी संस्थेने, 2021 मध्ये दीर्घकालीन प्राथमिक वेदनेसाठी सूचना काढल्या. त्यात व्यायाम आणि मानसोपचार आहेत. ट्रिगर पॉइंटमध्ये, म्हणजे स्नायूतल्या दुखऱ्या गाठीत, स्टेरॉइड टोचू नये, नुसतंही नाही आणि भुलीच्या औषधासोबतही नाही, असं स्पष्ट लिहिलंय.

आणि चष्म्यात स्टेरॉइड नसतं. तुमच्या सिरिंजमध्ये असतं का? डोक्याच्या त्या जागी वारंवार स्टेरॉइड दिलं की केस जाऊन रुपयाएवढं टक्कल पडतं, कातडीत खड्डा पडतो. मधुमेह असेल तर साखर काही दिवस वर जाते.

सांजसावली:
आमच्यासारख्यांना हे कागद पाठ करावे लागतात, म्हणून लिहिते. 'प्राथमिक वेदना' म्हणजे जिचं दुसरं कारण सापडत नाही ती. माझं कारण सापडलेलं आहे, अपघाताच्या तारखेसकट. शिवाय स्नायूच्या गाठीत टोचणं वेगळं आणि नस गाठून ब्लॉक देणं वेगळं, हे भूलतज्ज्ञाला मी सांगावं?

मेयोचा अभ्यास मायग्रेनचा. क्लस्टर डोकेदुखीत, म्हणजे एका डोळ्याभोवती झटक्यांनी उठणाऱ्या भयंकर दुखण्यात, डोक्याच्या मागच्या याच जागी स्टेरॉइड टोचल्याने झटके कमी होतात, हे फ्रान्समधल्या 2011 च्या चाचणीत दिसलं. 2016 मध्ये अमेरिकन हेडेक सोसायटीने, म्हणजे डोकेदुखीच्या तज्ज्ञांच्या संस्थेने, त्याला पुराव्याचा सगळ्यात वरचा दर्जा दिला. तो मात्र तुम्ही सोयीस्कर गाळलात.

भूलवाला:
नाइसबद्दलचा कान पकडलात, मान्य. क्लस्टरचंही मान्य, तिथे मी स्वतः देतो. पण तिथे तो पूल असतो. रोजच्या गोळ्या लागू पडेपर्यंतचे दिवस निभावायचे, मग पूल सोडायचा. तुमचा पूल चार वर्षं चालूच आहे आणि पलीकडचा काठ कुणी दाखवलेला नाही. माझा राग तुमच्यावर नाही, त्या कुणावर आहे.

पूर्वेचा_पाहुणा:
जपानमध्ये चित्र बरंच वेगळं आहे. इथे पेन क्लिनिक ही भूलशास्त्राची रुळलेली शाखा आहे, ब्लॉक विम्यात बसतो, आपल्या खिशातून बहुधा तीस टक्के. मला नागीण झाली, डाव्या बरगड्यांवर. पुरळ वाळलं तरी आग राहिली. शर्टाचं कापड लागलं तरी उडी मारायचो, थंडीत उघडा बसायचो.

डॉक्टरांनी अल्ट्रासाऊंड लावला. गार जेल, पडद्यावर बरगडीची पांढरी कड, तिच्याखाली नस. औषध गेलं तसा काळा डाग पसरताना मला पडद्यावर दिसला. त्या रात्री शर्ट घालून झोपलो. सहा वेळा घेतला, मग गरज पडली नाही. आपोआप बरं झालं असतं का? असेलही. पण ते आठवडे मी कसे काढले असते ते मला विचारा.

अटकेपार:
अमेरिकेतून. माझ्या शेजारच्या म्हाताऱ्यांच्या पायांची मधुमेहाने आग होते. एका क्लिनिकने त्यांना घोट्याजवळ आठवड्यातून दोनदा सुया आणि वर विजेचे झटके, असं महिन्यांचं पॅकेज विकलं. मधुमेहात नसांची सगळ्यात लांबची, बारीक टोकं आधी मरतात, तीही दोन्ही पायांत. नळ गळतोय तिथे बोट लावता येतं, सगळी पाइपलाइनच गंजलीय तर बोट लावणार कुठे? मेडिकेअरचे, म्हणजे इथल्या म्हाताऱ्यांच्या सरकारी विम्याचे, पैसे देणाऱ्या कंपन्यांच्या नियमातही हेच आहे: अंगभर पसरलेल्या आजाराने नसा गेल्या असतील तर ब्लॉक मंजूर नाही. म्हाताऱ्यांनी स्वतःचे पैसे भरले. फरक शून्य.

आणि 2012 विसरू नका. मॅसॅच्युसेट्सच्या एका औषध बनवणाऱ्या कंपनीच्या स्टेरॉइडच्या बाटल्यांत बुरशी निघाली. 753 जण आजारी पडले, 64 गेले.

पूर्वेचा_पाहुणा:
त्या बहुतेक सुया पाठीच्या कण्याजवळ दिल्या होत्या, हातापायांच्या नसांत नव्हे.

अटकेपार:
बाटली तीच असते हो.

शंकेखोर:
मला वैद्यकातलं कळत नाही. एकच विचारतो. ओंटारियोत प्रत्येक सुईला पैसे पेशंटच्या खिशातून गेले असते, तर दर आठवड्याला किती जण आले असते?

सांजसावली:
तितकेच जण कळवळत घरी बसले असते. दुखत नसेल म्हणून नव्हे, परवडत नाही म्हणून. तुमच्या प्रश्नाने पाकीट मोजलं जातं, दुखणं नाही. उलटं विचारा ना: डॉक्टरला सुईमागे पैसे मिळतात आणि अर्धा तास बसून ऐकण्याचे त्या मानाने फारच कमी, मग तो काय करेल?

भूलवाला:
या एका वाक्याला +१. आमच्यात भांडण आहे ते याच्या अलीकडे.

म्हणून दोन साधे प्रश्न. प्रत्येक ब्लॉकनंतर आराम किती दिवस टिकला हे लिहून ठेवता का? आणि त्या बऱ्या दिवसांत मानेचे व्यायाम कुणी करून घेतं का? कळ थांबलेली असताना मान हलवता येते, म्हणून तर मी ब्लॉक देतो. त्या दिवसांत नुसती पुढच्या सुईची वाट पाहिली तर ब्लॉक वाया गेला असं मी धरतो. सिरिंजबद्दल विचारलं होतं, त्याचंही उत्तर आलं नाही.

सांजसावली:
उत्तर नव्हतं म्हणून आलं नाही. आज क्लिनिकला फोन केला. बुपिव्हाकेन, आणि "मधूनमधून" स्टेरॉइड. मधूनमधून म्हणजे कधी, ते पुढच्या वेळी फाइल बघून सांगणार आहेत. चार वर्षांत मी एकदाही विचारलं नव्हतं.

कळ परत आली की कॅलेंडरवर फुली मारते. आज पहिल्यांदा फुल्यांमधले दिवस मोजले. दोन वर्षांपूर्वी सुईनंतर छत्तीस, अडतीस दिवस. या वर्षी एकोणतीस, सव्वीस, एकवीस. आणि मी वर चार-पाच आठवडे लिहून बसलेय.

शंकेखोरांनी यावर उड्या मारू नयेत. एकवीस दिवसही माझेच आहेत.

भूलवाला:
आहेतच. पुढची तारीख ठरली असेल तर रद्द करू नका. फक्त ते कॅलेंडर डॉक्टरांसमोर ठेवा.

सांजसावली:
गुरुवारची आहे. नेते.