‘स्थिरीकरण’ की ‘बद्धीकरण’?

प्रश्न : ग्लुकोजच्या जैवसंवेदकावरील (बायोसेन्सरवरील) मजकुराचे भाषांतर करताना ‘इमोबिलायझेशन’साठी (विकर, म्हणजे एन्झाइम, एका जागी जखडून ठेवणे) मी ‘स्थिरीकरण’ योजले, पण पुढे ‘स्थिरीकरणानंतर विकराची स्थिरता तपासली’ असे वाक्य झाले आणि मी अडलो. दुसरा शब्द सुचवावा.

उत्तर १ : अडणे रास्तच आहे. ‘नायट्रोजनचे स्थिरीकरण’ या संज्ञेत हा शब्द आधीच गुंतलेला आहे, शिवाय ‘स्टॅबिलायझेशन’लाही तोच वापरतात. विकर पटलाला (पातळ पडद्याला) जखडणे आणि ते टिकाऊ होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जखडण्यासाठी वापरले जाणारे ग्लुटाराल्डिहाइड हे रसायन विकराच्या रेणूंना त्यांच्या अमिनो गटांपाशी पकडून एकमेकांशी सांधते. त्याचे प्रमाण जास्त झाले, तर पटल कितीही धुतले तरी विकर सुटत नाही, पण त्याची सक्रियता मात्र घटते.

‘निश्चलीकरण’ हा पर्याय तर मला मुळीच पटत नाही, कारण निश्चल म्हटले की मराठी कानाला स्वस्थ पडून राहिलेले काहीतरी जाणवते. इथे पटलातून आत शिरलेल्या ग्लुकोजचे ऑक्सिडीभवन ग्लुकोज ऑक्सिडेज हे विकर सतत करत असते आणि त्यातून निघालेले हायड्रोजन पेरॉक्साइड प्लॅटिनमच्या विद्युतअग्रावर (इलेक्ट्रोडवर) विद्युतप्रवाह निर्माण करते. म्हणून मी ‘बद्ध विकर’ आणि ‘बद्धीकरण’ असे लिहितो.

उत्तर २ : ‘बद्ध’ म्हटल्यावर रासायनिक बंध अभिप्रेत होणार नाही का? क्लार्क आणि लायन्स यांनी 1962 मध्ये मांडलेल्या ग्लुकोज-संवेदकाच्या रचनेत विकर पटलाआड नुसते अडवलेले होते. 1967 मध्ये अपडाइक आणि हिक्स यांनी ते पॉलिअॅक्रिलामाइडच्या जेलमध्ये कोंडले. बंध कुठेच नाही.

उत्तर १ : शंका बरोबर आहे, पण ‘बद्ध’मध्ये बांधलेला आणि बंदिवान असे दोन्ही अर्थ आहेत, तुरुंगातल्या माणसाला कोणी भिंतीला चिकटवलेले नसते. इंग्रजीतही आधी ‘अविद्राव्य केलेले’, ‘अडकवलेले’ अशा अर्थांची अनेक विशेषणे चालत होती आणि 1971 मध्ये अमेरिकेतील हेनिकर येथील विकर-अभियांत्रिकीच्या पहिल्या परिषदेत ‘इमोबिलाइज्ड’ ही आजची संज्ञा ठरली. व्यापक शब्द एक असावा. पद्धत सांगताना मात्र अधिशोषण (अ‍ॅडसॉर्प्शन; शोषण नव्हे, कारण विकर पृष्ठभागावरच राहते), जेलमध्ये कोंडणे, सहसंयुजी (कोव्हॅलंट) बंधाने जोडणे असे नेमके लिहावे. आपले वाक्य मग ‘बद्धीकरणानंतर विकराची स्थिरता तपासली’ असे होईल.