मदत हवी आहे: थर्मल कॅमेऱ्यात भिंत निळी दिसली म्हणजे लीकेज वरच्यांचंच, असं धरायचं का?

नमस्कार मंडळी, प्रश्न जरा लांबलाय पण नीट सांगितल्याशिवाय कळणार नाही. डोंबिवलीत दुसऱ्या मजल्यावर राहतो, बिल्डिंग १९९४ ची, चार मजली. आईच्या बेडरूमची एक भिंत दोन वर्षांपासून ओली होतेय, पोपडे निघतात, रंग लावला की सहा महिन्यांत परत तेच. त्या भिंतीच्या पलीकडे बिल्डिंगची डक्ट आहे, त्यात सगळ्यांचे ड्रेनेजचे पाइप, आणि वर तिसऱ्या मजल्यावरच्यांचं बाथरूम. आईला दम्याचा त्रास, त्यात त्या खोलीत बुरशीचा वास, त्यामुळे आता खरंच थांबवत नाही.

गेल्या आठवड्यात एका एजन्सीला बोलावलं. त्यांनी थर्मल कॅमेऱ्याने फोटो काढले, भिंतीचा वरचा कोपरा गडद निळा आलाय आणि रिपोर्टमध्ये सरळ लिहिलंय, ‘वरच्या बाथरूममधून गळती’. वर कोणी गेलंच नाही, एक नळसुद्धा सोडून बघितला नाही. फोटोवर निळ्या भागाचं तापमान २५.१ आहे आणि बाजूच्या भिंतीचं २६.६. त्या दिवशी सकाळपासून पाऊस होता आणि खोलीत एसी चालू होता, तो समोरच्या भिंतीवर आहे आणि त्याची हवा बरोबर याच कोपऱ्यावर येते.

वरचे काका-काकू वीस वर्षांचे शेजारी आहेत, बाबा गेले तेव्हा पहिले तेच धावत आले होते. हा कागद घेऊन त्यांच्या दारात जायचं आणि उद्या निघालं की चूक त्यांची नव्हतीच, हे मला नकोय. एवढ्या रिपोर्टवर विश्वास ठेवायचा का?

प्रतिसाद १

इमारत दुरुस्तीच्या कामात आहे म्हणून लिहितो. थर्मल कॅमेरा भिंतीच्या आतलं काही बघत नाही हो, पाणी तर नाहीच नाही, तो फक्त पृष्ठभागाचं तापमान बघतो. ओल असेल तिथे पाणी वाफ होऊन उडताना भिंत गार होते म्हणून तो भाग गार दिसतो, पण एसीच्या झोताने गार झालेली कोरडी भिंतही तशीच दिसते. दुसरं म्हणजे बरेच कॅमेरे रंगांची स्केल आपोआप लावतात, चौकटीतलं सगळ्यात गार ते निळं, मग फरक दीड डिग्रीचा असो नाहीतर दहाचा, म्हणून रंग बघू नका, आकडे बघा. आणि भर पावसात हवाच इतकी दमट असते की बाष्पीभवन मंदावतं आणि खरी ओलसुद्धा कधी कधी दिसत नाही.

एसी निदान तीन-चार तास बंद ठेवून परत फोटो काढायला सांगा आणि जिथे गार दिसेल तिथे पिनवाल्या मॉइश्चर मीटरने तपासा. कॅमेऱ्याने फक्त कुठे तपासायचं ते कळतं, ओल आहे की नाही ते मीटरवरच.

प्रतिसाद २

आमच्याकडे असंच झालं होतं, सगळे बाथरूम बाथरूम करत होते आणि शेवटी डक्टमधल्या कॉमन पाइपचा जॉइंट निघाला. तुमच्या भिंतीमागे डक्टच आहे म्हणताय तर आधी ते बघा, कॉमन पाइप असेल तर दुरुस्ती सोसायटीची, काकांच्या खिशाचा प्रश्नच येत नाही. कोरडे चार दिवस मिळाले की त्यांना विनंती करून नहाणी ट्रॅप (जमिनीतून पाणी जायची जाळी आणि तिच्याखालचा भाग) बंद करा आणि बाथरूममध्ये रंग टाकलेलं पाणी २४ तास साचवून ठेवा. तेव्हा ओल वाढली तर जमीन किंवा ट्रॅपची बाजू, नाही वाढली तर पाइपची शक्यता जास्त.

प्रतिसाद १

बरोबर. फक्त काहीजण गरम पाणी साचवून खालून कॅमेरा लावतात, त्यावर जाऊ नका. जुन्या बाथरूममध्ये फरशीखाली विटांच्या तुकड्यांची जाड भर असते, त्यातून खाली येईपर्यंत पाणी गारच होतं. गरम पाण्याची युक्ती भिंतीतल्या कॉन्सिल्ड पाइपला छान चालते, गीझरचं पाणी पाच मिनिटं सोडलं की पाइपची रेघ स्पष्ट उठते आणि गळत असेल तर रेघेच्या बाजूला ऊब पसरलेली दिसते.

धागाकर्ता

दोघांचे मनापासून आभार. आज दुपारभर एसी बंद ठेवला आणि एजन्सीच्या मुलाला परत बोलावलं, तो बिचारा लगेच आला. वरच्या कोपऱ्यातला निळा डाग जवळजवळ गेलाच, पण खाली, जमिनीपासून दोनेक फुटांवर डक्टच्या बाजूला एक उभा पट्टा गार दिसतोय जो पहिल्या फोटोंत चौकटीतच नव्हता. सेक्रेटरींना डक्ट उघडायला सांगितलंय, रविवारी प्लंबर येतोय. काकांकडे जाऊन आलो, रिपोर्ट नेला नाही, फक्त पाणी साचवून बघायचं विचारलं, ते लगेच हो म्हणाले.

आता एकच, तो पिनवाला मीटर डोंबिवली-ठाण्यात भाड्याने मिळतो का की विकतच घ्यावा लागेल? आणि प्लास्टरवर रीडिंग घेताना कोरड्या भिंतीचं आधी घेऊन मग तुलना करायची ना?